एक हात खिशात

डिसेंबरात शौल्यायला पावणेचारलाच दिवे लागतात.
दानगुओलेनं जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलली,
जुनी चादर अंथरली, आणि
अठरा किलोंचा ऑसिलोस्कोप
पोटाशी धरून, गुडघ्यानं रेटत वर चढवला.
कुणी ऐकत नव्हतं म्हणून एक शिवीही हासडली.

हा घरी आला तोही असाच, बर्फावरून,
टीव्हीच्या कारखान्याला टाळं लागलं त्या आठवड्यात.
पोराच्या घसरगाडीवर, घोंगडीत गुंडाळलेला.
पुढं दोरी ओढणारा व्हीतेनिस,
मागून आधाराला ती.
वाटेत कुणीतरी विचारलं, घरात कोण आजारी?

तेव्हा कुणी नव्हतं.

आता पडद्यावर रेघ नाही.
मधोमध एक ठिपका, टाचणीच्या डोक्याएवढा,
हट्टी, जागचा हलत नाही.
तिनं घाईनं उजेड उतरवला:
एकाच जागी रोखून धरलेला किरण काच जाळतो,
हे शिकाऊ पोरांना सांगण्यात तिची वीस वर्षं गेली.

गिंतारस कॉर्कहून म्हणाला,
आई, भंगारात दे तो. मी नवा पाठवतो.
आला नवा. पावाएवढा हलका,
रंगीत पडदा, चार चॅनेल,
स्वतःच मोजतो, स्वतःच आकडे लिहितो.
महिनाभर तिनं तो मनापासून वापरला.
चांगला आहे, खोटं कशाला बोला.
फक्त त्याच्यावर ठेवलेलं राईचं आंबवण
सकाळी होतं तसंच, थंड, बसकं.
जुन्याच्या पाठीवर, नळ्यांच्या उबेत
ते रात्रीत काठापर्यंत यायचं, झाकण उचलायचं.
हे कारण गिंतारसला सांगितलं नाही.
हसला असता. किंवा त्यानं पाव विकत घे म्हटलं असतं.

वैद्यच पडला तर नाडी बघायला दुसरा वैद्य लागतो.
तिनं नव्याचा प्रोब घेतला
आणि जुन्याच्या उघड्या पोटात उतरवला.
एक हात खिशात.
नियम व्हीतेनिसचा: तीनशे व्होल्टांना
या हातातून त्या हाताकडं जायचं तर
वाट छातीतून जाते.
तो जन्मभर पाळत आला.
गेला तो भलत्याच कारणानं, हॉस्पिटलात,
उशाशी एक पडदा होता तिथं,
आणि तो पडदा तिला वाचता येत होता,
डॉक्टर येण्याआधीच.
तिथं मात्र तिनं दोन्ही हात वापरले.

नव्याच्या काचेवर लाटा उठल्या,
सेकंदाला शंभर, करवतीच्या दातांसारख्या,
जिथं तळ्याचं पाणी हवं तिथं.
कपॅसिटर. अजून कोण?
बूड फुगलेलं, तपकिरी डिंक ओघळलेला,
वास शिळ्या हेरिंग माशाचा.
चाळीस वर्षं धरून ठेवायचं काम केलं त्यानं,
आता गळतो, तर गळू दे.
उरलासुरला करंट आधी रेझिस्टरनं निचरला,
मग पाय कापले, नवा बसवला.
कथलाचा थेंब आरशासारखा चमकला, लगेच मळला.

स्विच.
नळ्या एकेक करून लालसर होऊ लागल्या.
तिनं मनात मोजलं, सदतीस, अडतीस,
ठिपका उगवला, थरथरला,
आणि कुणी दोन्हीकडून चिमटीत धरून ओढावा
तसा लांबला.

डाव्या टोकाला किंचित वाकलेली रेघ.
अजून एखादा दमलाय आत कुठंतरी.
ते जानेवारीत बघू.

काचेवर एक जुना आडवा व्रण आहे.
व्हीतेनिस बंद करायला विसरून खुर्चीतच झोपला,
त्या रात्रीचा.
नवी रेघ त्याच्या अर्धा चौकोन वर थांबलेली.
तिनं नॉब फिरवून ती खाली आणली,
बरोबर व्रणावर ठेवली.
जळलेल्या काचेत ती विझल्यासारखी झाली,
आहे म्हणायला आहे.

थोडा वेळ तशीच राहू दिली.
मग परत वर घेतली.

खिशातला हात बाहेर काढला,
पीठ लागलेलं मनगट स्कर्टला पुसलं,
आणि आंबवणाची बरणी झाकणासकट
जुन्याच्या पाठीवर नेऊन ठेवली.